पुन्हा शंट बदलायचा आहे: वारंवार मेंदूच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या मुलाला सांभाळताना

आमच्या मुलीला पहिला शंट, म्हणजे डोक्यात साचणारे जादा पाणी खाली वाहून नेणारी कातडीखालची नळी, बसवला तेव्हा ती चार महिन्यांची होती. शंट कधीही बंद पडू शकतो, असे सर्जननी आम्हाला नीट सांगितले होते आणि आम्ही मान डोलावून ते ऐकलेही होते. परंतु शस्त्रक्रिया पार पडली, डोक्याचा घेर वाढायचा थांबला, ती हसू लागली आणि ते वाक्य आमच्या मनातून पार पुसले गेले. नऊ महिन्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागेल असे आम्हाला सांगण्यात आले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘आमचं काय चुकलं?’ हा. आज ती बारा वर्षांची आहे आणि तिच्या आठ शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

या वर्षांत मला कळले ते असे की अशा मुलाच्या पालकांना दोन कामे शिकावी लागतात. आपल्या मुलाचे बिनसले आहे हे इतरांच्या आधी ओळखून ते रुग्णालयात ठामपणे मांडणे, हे पहिले; आणि मुलाशी त्याच्या आजाराबद्दल नेहमी खरे बोलणे, हे दुसरे. पुढे जे लिहिले आहे ते याच दोन कामांबद्दल आहे. तुमच्या मुलाचे सर्जन एखाद्या बाबतीत वेगळे सांगत असतील तर अर्थातच त्यांचे ऐकावे, कारण प्रत्येक मुलाचा शंट आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते.

शंट बंद का पडतो

मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये सीएसएफ नावाचा पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो आणि कोणत्याही क्षणी आत असतो तो जेमतेम १५० मिलिलिटर, म्हणजे जुना द्रव शोषला जाऊन नवा येण्याचे चक्र दिवसातून तीनहून अधिक वेळा पूर्ण होते. लहान मुलांमध्ये ही मापे कमी असतात, पण व्यवहार तोच. हा द्रव वाहून जाण्याची वाट अडली किंवा तो शोषला गेला नाही की पोकळ्या फुगतात, मेंदूवर दाब येतो आणि आपण ज्याला ‘डोक्यात पाणी होणे’ म्हणतो तो हायड्रोसेफलस होतो. शंट म्हणजे त्या जादा पाण्यासाठी काढून दिलेली वाट: पोकळीत जाणारी वरची नळी, कानाच्या मागे किंवा वर कातडीखाली बसणारा व्हॉल्व्ह, आणि तेथून मान व छातीच्या कातडीखालून बहुधा पोटाच्या पोकळीत उतरणारी लांब नळी. पोटात उतरणाऱ्या शंटला व्हीपी शंट म्हणतात. काही मुलांमध्ये ही नळी हृदयाकडे किंवा फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत न्यावी लागते.

सिलिकॉनचा टिकाऊ व्हॉल्व्ह १९५६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वापरात आला आणि तो घडवला जॉन होल्टर या तंत्रज्ञाने, यूजीन स्पिट्झ या न्यूरोसर्जनबरोबर काम करून. होल्टर यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाला हायड्रोसेफलस होता. वॉर्डात मुलाच्या उशाशी बसलेल्या एका बापाच्या कासाविशीतून हे उपकरण निघाले, ही गोष्ट मला अवघड रात्रींत अनेकदा आठवली आहे. त्यानंतर व्हॉल्व्ह पुष्कळ सुधारले, पण मूळ रचना तीच राहिली आणि तिच्या मर्यादाही राहिल्या. लहान मुलांना बसवलेल्या शंटपैकी साधारण ३० ते ४० टक्के पहिल्या वर्षातच बिघडतात आणि दोन वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचते. वरच्या नळीच्या बारीक छिद्रांत पेशी आणि ऊती अडकतात, नळीचा सांधा निखळतो, कातडीखाली ती तुटते किंवा जागेवरून सरकते, मूल उंच झाले की तोकडी पडते, पोटातील टोकाभोवती पाण्याची गाठ होते. कधी पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जाते आणि त्याचाही त्रास होतो. जंतुसंसर्ग बहुतेक वेळा कातडीवरच्या जंतूंमुळे शस्त्रक्रियेच्या वेळीच होतो आणि म्हणून तो पहिल्या काही महिन्यांत दिसून येतो.

हे सगळे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण म्हणजे तो ‘काय चुकलं’ हा प्रश्न. मुलाला कडेवर कसे घेतले, कोणत्या कुशीवर झोपवले, अंघोळ कशी घातली, ते किती रडले, यांपैकी कशानेही शंट बंद पडत नाही. नेहमीच्या खेळण्याबागडण्यानेही पडत नाही. तुम्ही कितीही काळजी घेतली तरी नळीत ऊती अडकायच्या त्या अडकतातच. हे मनाने स्वीकारायला मला तीन शस्त्रक्रिया लागल्या आणि त्या काळात घरात एकमेकांना दिलेले दोष नंतर परत घेता आले नाहीत.

प्रत्येक नव्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारावा: या वेळी शंटऐवजी दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला आतल्या आतच वाट करून देता येईल का? या शस्त्रक्रियेला ईटीव्ही म्हणतात. ती सर्वांना लागू पडत नाही, मुलाचे वय आणि आजाराचे कारण यांवर तिचे यश अवलंबून असते आणि ते छिद्रही पुढे बुजू शकते; पण पूर्वी ‘नाही’ असलेले उत्तर मुलाचे वय वाढल्यावर बदलू शकते.

आपल्या मुलाचे ‘नेहमीचे’ काय, ते माहीत असावे

तान्ह्या बाळात शंट बिघडल्याची लक्षणे अशी असतात: बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली व ताठ लागते, डोक्याचा घेर भराभर वाढतो, डोक्यावरच्या शिरा उठून दिसतात, नजर खाली झुकलेली राहून बुबुळाच्या वर पांढरे दिसू लागते, बाळ दूध पीत नाही, उलट्या करते, किरकिरते किंवा नको इतके झोपते. मोठ्या मुलात डोकेदुखी, विशेषतः सकाळी उठल्यावर, उलट्या, पेंगुळलेपणा, एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, फिट येणे ही लक्षणे दिसतात. ही यादी तुम्हाला डिस्चार्जच्या वेळी मिळालेलीच असेल.

यादीत जे नसते ते तुम्हाला ठाऊक असते. सहाव्या वर्षी एका पहाटे मुलगी पलंगाच्या काठावर उठून बसली होती आणि काठोकाठ भरलेले भांडे सांडू नये म्हणून धरावे तसे तिने दोन्ही तळव्यांत आपले डोके धरले होते. ती रडत नव्हती. डोके दुखते का असे विचारले तर तिने उत्तरही दिले नाही, कारण उत्तर द्यायला जबडा हलवावा लागला असता. थोड्या वेळाने उलटी झाली, अर्धा तास बरे वाटले आणि मग पुन्हा तेच. रुग्णालयात स्कॅन झाला आणि पोकळ्यांच्या आकारात बदल नाही, पोट बिघडले असावे, असे ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितले. आम्ही घरी गेलो नाही. मागच्या वेळी शंट बंद पडला तेव्हा ती याच पद्धतीने बसली होती, हे मी वहीत तारखेसह लिहून ठेवले होते आणि ते पान मी त्यांच्या पुढे धरले. संध्याकाळी न्यूरोसर्जननी शंटमधून सुईने पाणी काढून पाहिले आणि रात्री शस्त्रक्रिया झाली. वरची नळी पूर्ण बुजलेली होती. वर्षानुवर्षे शंट असलेल्या काही मुलांच्या पोकळ्या दाब वाढूनही फुगत नाहीत, त्यामुळे ‘स्कॅन ठीक आहे’ एवढ्यावर शंट चालू आहे असे ठरत नाही. हे वाक्य प्रत्येक पालकाने पाठ करावे.

म्हणून वही ठेवावी. ती रोज भरायची गरज नाही. मूल आजारी वाटेल त्या दिवशी लिहावे. डोके कधी दुखले, झोपल्यावर वाढले की बसल्यावर, उलटीनंतर बरे वाटले का, झोप किती झाली, नजर कशी होती, जिना उतरताना भिंतीला हात लावला का, अक्षर बिघडले का, नेहमीचा हट्ट करायचे सोडून दिले का. मूल ठणठणीत असताना त्याचे चालणे, बोलणे, डोळे फिरवणे यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवावा, कारण मुलाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरांना ‘आज हे असे नाही’ हे शब्दांपेक्षा त्यातून लवकर कळते. बाळ लहान असेल तर डोक्याचा घेर डॉक्टर सांगतील तितक्याच वेळा, एकाच टेपने, कपाळ आणि मागचा उंचवटा यांवरून मोजावा. दर तासाला मोजून हाती फक्त घबराट लागते. व्हॉल्व्ह बोटाने दाबून पाहू नये. तुमच्या सर्जननी शिकवले असेल तरच तो विचार करावा.

उलट्या साध्या पोटाच्या की शंटच्या, हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा पडेल. जुलाब होत असतील, घरात आणखी कोणाला तसाच त्रास असेल आणि उलट्यांच्या मधल्या वेळात मूल नेहमीसारखे खेळत असेल, तर पोटाची शक्यता जास्त. जुलाब नाहीत, पण डोके दुखते आहे आणि मूल पेंगते आहे, तर शंटचा संशय आधी घ्यावा. यातून खात्री होत नाही, म्हणून संशय आला की त्याच दिवशी आपल्या न्यूरोसर्जरी विभागाला फोन करावा. मूल नीट जागे होत नसेल, फिट आली असेल, नजर खालीच खिळली असेल, श्वास मंदावला असेल किंवा एक बाजू लुळी वाटत असेल, तर फोनवर वाट पाहण्यातही वेळ घालवू नये. रुग्णवाहिका बोलवावी आणि सकाळ होण्याची वाट पाहू नये. आम्ही बारा वर्षांत किती तरी वेळा ‘उगाच’ जाऊन आलो आहोत आणि त्यांपैकी एकाही फेरीचा मला पश्चात्ताप नाही.

रुग्णालयात काय न्यायचे आणि काय बोलायचे

जाड फाईल रात्री दोन वाजता कोणी वाचत नाही. तिच्या सर्वांत वर एक पान असावे आणि त्यावर मुलाचे निदान, शंटचा प्रकार व बाजू, व्हॉल्व्हचे नाव आणि बाहेरून जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचे सध्याचे सेटिंग, आजवरच्या शस्त्रक्रियांच्या तारखा व कारणे, चालू औषधे, ॲलर्जी आणि आधीच्या बिघाडांची लक्षणे एवढे लिहिलेले असावे. स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट मिटलेला नसणे) असलेल्या मुलांना लेटेक्सची, म्हणजे रबरी हातमोज्यांची वगैरे, ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो. तसे असेल तर ते लाल शाईने लिहावे. मूल बरे असतानाचा एक स्कॅन तुमच्यापाशी असणे अत्यंत गरजेचे आहे, कारण आजचा स्कॅन कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न तिथे हमखास येतो. वारंवार सीटी स्कॅन होत असतील तर किरणोत्सर्ग टाळण्यासाठी काही मिनिटांत होणारा झटपट एमआरआय उपलब्ध आहे का, हे विचारावे. मात्र जुळवता येणाऱ्या व्हॉल्व्हचे सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने बदलू शकते, त्यामुळे एमआरआयनंतर ते तपासल्याशिवाय घरी जाऊ नये. हेडफोन, टॅबलेटचे कव्हर अशा घरातील चुंबकाच्या वस्तूही अशा व्हॉल्व्हपासून लांब ठेवाव्यात.

बोलताना सुरुवात ‘काल दुपारपासून जरा…’ अशी करू नये. एका दमात सांगावे: “हिला हायड्रोसेफलस आहे, उजव्या बाजूला व्हीपी शंट आहे, मागे तीन वेळा शंट बंद पडला तेव्हा अशीच लक्षणं होती. शंट बिघडल्याचा मला संशय आहे, न्यूरोसर्जनना कळवा.” आवाज चढवण्याची गरज नसते, पण वाक्य गिळूही नये. कोणी ‘तुम्ही फार काळजी करता’ असे म्हटले, तर त्यावर वाद न घालता हेच वाक्य पुन्हा म्हणावे आणि तपासणीत काय वगळले व का वगळले, ते विचारून लिहून घ्यावे.

शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर पोट रिकामे लागते, म्हणून निघण्यापूर्वी फोनवर खाण्यापिण्याविषयी विचारावे आणि मुलाने शेवटचे काय व किती वाजता घेतले ते लिहून ठेवावे. स्वतःच्या अंदाजाने मात्र मुलाला तासन्‌तास उपाशी ठेवू नये. गुंगी आणणारे कोणतेही औषध स्वतःहून देऊ नये, कारण मग पेंग औषधाची की दाबाची हे कोणालाच सांगता येत नाही.

मुलाला काय सांगायचे

या बाबतीत मी सर्वांत जास्त चुकले, म्हणून त्याबद्दल सर्वांत जास्त लिहिणार आहे.

चौथ्या वर्षी मुलीच्या शंटला जंतुसंसर्ग झाला. शंट काढला, काही दिवस बाहेरच्या नळीने पाणी काढले आणि मग नवा बसवला. घरी आल्यावर ती अतिशय शहाण्यासारखी वागू लागली. खेळणी स्वतः आवरायची, धाकट्या भावाने काही ओढून घेतले तरी देऊन टाकायची. आम्ही कौतुक करत होतो. तीन आठवड्यांनी एकदा अंथरुणात तिने मला विचारले, “आता मी भांडत नाही ना, मग आता ऑपरेशन नाही ना करणार?” आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी भावाला ढकलल्याबद्दल मी तिला रागावले होते आणि तिच्या हिशेबाने त्याचीच ही शिक्षा होती. साधारण तीन ते सहा या वयातील मुले आपल्या वागण्याचा आणि आजाराचा असा संबंध लावतात आणि तो कोणालाही सांगत नाहीत. म्हणून मुलाने विचारले नसले तरी त्याला आपणहून सांगावे: ही शिक्षा नाही, तू काही केलेस म्हणून हे झाले नाही, तुझ्या मनात काही आले म्हणूनही झाले नाही. एकदा सांगून भागत नाही, दर वेळी सांगावे लागते.

काय झाले आहे ते साध्या शब्दांत सांगावे. आम्ही म्हणायचो, “तुझ्या डोक्यातलं जास्तीचं पाणी खाली नेणारी एक बारीक नळी आहे, ती तुंबली आहे, म्हणून डोकं दुखतंय. डॉक्टर तुंबलेला भाग काढून नवा घालणार.” हे मुलाला पटते, कारण ते खरे आहे. भुलेविषयी बोलताना मात्र ‘तुला झोपवतील’ एवढेच म्हणून थांबू नये. आम्ही तसे म्हटले आणि मग कित्येक रात्री ती झोपायला तयार नव्हती, कारण झोपल्यावर काय होते हे तिने अनुभवले होते. भुलेची झोप औषधाने येते, ती फक्त रुग्णालयातच येते, त्या झोपेत काही दुखत नाही, मध्येच जाग येत नाही आणि काम झाले की डॉक्टर स्वतः जागे करतात, असे दोन्हींतला फरक दाखवून सांगावे. ‘मध्येच जाग आली तर?’ ही भीती शाळकरी मुलांच्या मनात हमखास असते.

दुखणार नाही, असे कधीही सांगू नये. सुई टोचेल, थोडा वेळ दुखेल, मी हात धरून असेन, असे सांगावे. शक्य नाही ते वचन देऊ नये. ‘मी कायम तुझ्याजवळ असेन’ असे म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दारातून मागे फिरावे लागले की तुमच्या पुढच्या शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही. “दारापर्यंत मी येईन, तू आत असताना मी याच खुर्चीवर बसेन आणि जागी झाल्यावर मला बोलावतील,” एवढे सांगावे आणि ते शब्दशः पाळावे. इतर वेळी हट्ट मोडण्यासाठी ‘डॉक्टरांकडे नेईन, सुई देतील’ अशी भीती घरातल्या कोणीही घालू नये. ज्या मुलाला पुन्हा पुन्हा त्याच माणसांच्या हाती सोपवायचे आहे, त्याच्या मनात त्यांच्याविषयी धाक भरणे फार महागात पडते.

ठरवून केलेली शस्त्रक्रिया असेल तर अगदी लहान मुलाला एक-दोन दिवस आधी, शाळकरी मुलाला सुमारे आठवडाभर आधी आणि किशोरवयीन मुलाला अगदी पहिल्या चर्चेपासून सामील करून सांगावे. तातडीच्या वेळी ही सोय नसते. तेव्हा रस्त्यातच दोन वाक्यांत सांगावे आणि बाकीचे बरे झाल्यावर, मूल विचारेल तेव्हा, मागे जाऊन नीट उलगडावे. लहान निवडी मुलावर सोपवाव्यात: सलाईन कोणत्या हाताला, आत जाताना जवळ काय असेल, पट्टी कोण काढणार. केस कमीत कमी कापता येतील का, हे आधीच विचारावे. मोठ्यांना ही किरकोळ बाब वाटते, पण नववीतल्या मुलीला शाळेत परत जाताना दुखऱ्या टाक्यांपेक्षा कापलेल्या केसांचे दुःख जास्त असू शकते आणि त्या दुःखाला नावे ठेवू नयेत.

रुग्णालयातील दिवस

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी शंटचा कोणता भाग बदलणार, व्हॉल्व्ह तोच राहणार का, अँटिबायोटिक मुरवलेली नळी वापरणार का आणि आत गेल्यावर बेत बदलला तर आम्हाला कसे कळवणार, हे विचारावे. अशा नळीने संसर्गाचे प्रमाण कमी होते, असे मोठ्या चाचणीत दिसले आहे.

संसर्ग झाला तर मुक्काम लांबतो. शंट काढून डोक्यातून एक नळी बाहेरच्या बाटलीत सोडलेली असते आणि शिरेतून दिवसेंदिवस अँटिबायोटिक चालते. या नळीबाबत एक गोष्ट जिवावर बेतू शकते, ती नीट समजून घ्यावी. खांबावर टांगलेल्या त्या बाटलीची उंची मुलाच्या कानाच्या पातळीशी जुळवून ठेवलेली असते आणि तिच्यावरच किती पाणी बाहेर पडेल ते ठरते. मूल उठून बसले, तुम्ही त्याला मांडीवर घेतले किंवा पलंगाचे डोके वर केले, तर ती पातळी बिघडते आणि थोड्या वेळात नको इतके पाणी वाहून जाऊ शकते. म्हणून मुलाला हलवण्यापूर्वी प्रत्येक वेळी सिस्टरना बोलवावे; त्या नळी बंद करतील, मूल नव्या जागी स्थिर झाल्यावर उंची पुन्हा जुळवतील आणि नळी सोडतील. नळी पुन्हा सोडली आहे का, हे तुम्हीही डोळ्यांनी पाहावे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावे, कारण रडणाऱ्या नातवाला उचलून घेण्याचा आजीचा हात विचार करून पुढे येत नाही.

घरी जाताना जखम कधी ओली करायची, डोके उशीवर की सपाट, शाळा कधी, हे लिहून घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत ताप, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज, जखमेतून पाणी झिरपणे, न थांबणारी पोटदुखी यांतील काहीही दिसले तर नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी न्यूरोसर्जनना दाखवावे.

दोन शस्त्रक्रियांच्या मधला काळ

सर्व लसी वेळेवर द्याव्यात. शंट हे लस टाळण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठता फार वाढू देऊ नये, कारण पोटातील दाब वाढला की व्हीपी शंटचे पाणी उतरण्यात अडथळा येऊ शकतो. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर त्या सर्जनना शंटची माहिती आधी द्यावी. मुलीत आठव्या आणि मुलात नवव्या वर्षाआधी वयात येण्याची चिन्हे दिसली तर दाखवून घ्यावे. हायड्रोसेफलस असलेल्या मुलांमध्ये असे अधिक प्रमाणात होते. सायकल, पळणे, पोहणे बहुतेक मुलांना चालते. बॉक्सिंग, कुस्ती यांसारख्या डोक्याला मार बसणाऱ्या खेळांविषयी सर्जनना विचारावे.

शाळेत एक पत्र द्यावे आणि वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून लक्षणे समजावून सांगावीत. या मुलांपैकी अनेकांचे बोलणे वयाच्या पुढचे असते आणि गणित, नकाशे, कामाची आखणी, एकाग्रता यांत मात्र ती अडखळतात. त्यांच्या बोलण्यावरून सगळे येते असे गृहीत धरले जाते आणि मग आळसाचा ठपका येतो. अभ्यासात अचानक घसरण झाली तर शिकवणीचा विचार करण्याआधी शंट तपासून घ्यावा.

भावंडांनाही नळीची तीच गोष्ट तितकीच खरी सांगावी. आमच्या मुलाला अनेक वर्षे वाटत होते की हा आजार आपल्यालाही पुढे होणार, आणि ते आम्हाला कळले तेही योगायोगाने. घरात रात्री जागे राहून मुलाचा श्वास ऐकणारे बहुधा एकच माणूस असते आणि दुसरे ‘होईल सगळं ठीक’ म्हणून पाठ फिरवते. दोघेही घाबरलेलेच असतात. आम्ही पाळ्या ठरवल्या: एक रात्र तुझी, एक माझी, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरोखर झोपायचे. रुग्णालयातून आल्यानंतर महिनाभराने, सगळे स्थिरावल्यावर, पालकांना रडू कोसळणे, झोप उडणे, फोनच्या आवाजाने दचकणे असे होत असेल, तर समुपदेशकांची मदत घ्यावी.

दहाव्या-अकराव्या वर्षापासून हे सगळे हळूहळू मुलाच्या हाती द्यायला लागावे. आपल्या आजाराचे नाव, शंटची बाजू, व्हॉल्व्हचे नाव आणि ‘माझा शंट बिघडला की मला काय होतं’ हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे, कारण पुढे कधी तरी ते एकटे असताना डोके दुखेल आणि मोठ्यांच्या रुग्णालयातले डॉक्टर आईला फोन लावणार नाहीत. गेल्या वर्षी आठव्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तोंड उघडण्याआधीच मुलीने डोळे मिटलेले ठेवून तपासणाऱ्या डॉक्टरांना चार वाक्यांत सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली, “आईकडे वही आहे, पण आधी माझं ऐका.” फाईलच्या वरचे ते पान आता तिच्या अक्षरात आहे. एक प्रत तिच्या दप्तरात, एक माझ्या पर्समध्ये आणि एक फोटो तिच्या बाबांच्या मोबाईलमध्ये असतो आणि प्रत्येक तपासणीनंतर घरी येताच आम्ही तिन्ही प्रतींवरची तारीख बदलतो.